पाया कोठवर खणला?



आपल्या कोरपन्याकडील काळ्या कापसाच्या जमिनींत घर बांधावयाचें झालें म्हणजे जाणता गवंडी प्रथम भिंतींचा विचार करीत नाहीं. ही माती उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगते. तिच्यावर वरवर उभारलेल्या भिंतीस लवकरच तडा जातो. म्हणून तो मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणतो. घर पुरें झाल्यावर तो पाया कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. परंतु मोठ्या पावसांत घर त्याच्याच बळावर उभें राहतें.

प्रभु येशूनेंहि डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटीं दोन घरांचा दाखला दिला आहे (मत्तय ७:२४-२७). त्यांत पाऊस, पूर व वारा हीं दोन्ही घरांवर सारखींच आलीं, ही गोष्ट आपण पुष्कळदां विसरतों. देवावर विश्वास ठेवणाऱ्याच्या घरीं दुःख येणार नाहीं, असें वचन त्या दाखल्यांत नाहीं. दुःख आलें तरी घर पडणार नाहीं, एवढेंच तेथें सांगितलें आहे.

पुष्कळांचा विश्वास आईबापांनीं लावलेल्या संवयीवर, शाळेंतील प्रार्थनेच्या घंटेवर, अथवा एखाद्या आवडत्या शिक्षकाच्या सहवासावर उभा असतो. हीं सर्व साधनें चांगलीं आहेत. पण तीं खडक नव्हेत. शाळा सुटली, गांव बदललें, शिक्षक दुरावले, कीं विश्वासहि डळमळूं लागतो. खरा पाया कसा लागतो, हें पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या चरित्रावरून चांगलें समजतें.

रमाबाईंचा जन्म सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. आईनें त्यांस संस्कृत शिकविलें. पुढें दुष्काळांत आईबाप गेले. १८८० सालीं भाऊ वारला व १८८२ सालीं पति वारले. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. एवढ्या विदुषीचा विश्वास त्याच दिवशीं पक्का झाला असेल, असें कोणासहि वाटेल. परंतु पुढें लिहिलेल्या साक्षींत त्यांनीं प्रांजळपणें कबूल केलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म तेव्हां मिळाला खरा, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो मिळाला नव्हता. हें आपणांस बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं कळलें. तीं आठ वर्षें त्यांचें खणणें चाललेंच होतें.

नंतर पाऊस आला. १८८९ सालीं मुंबईस उघडलेलें त्यांचें शारदा सदन पुढील वर्षीं पुण्यास आलें होतें. तेथील कांहीं मुली त्यांच्या प्रार्थनेस बसूं लागल्या. हें धर्माविषयीं तटस्थ राहण्याच्या वचनास सोडून आहे असें सल्लागारांस वाटलें. १८९३ सालीं त्यांनीं आपला संबंध तोडला व अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या वादांत कोणाचें किती बरोबर, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आपण इतकेंच पाहावें कीं, थोरांचा आधार सुटला तरी रमाबाई खचल्या नाहींत.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्य प्रांतांत हिंडल्या व अनाथ मुली व विधवा यांस त्यांनीं आश्रय दिला. चांदा जिल्हा त्या वेळीं त्याच प्रांतांत मोडत असे. आपला राजुरा-कोरपन्याचा भाग मात्र निजामाच्या राज्यांत होता. आईबापांस दुष्काळांत गमावलेल्या मुलीनें अशा प्रकारें शेंकडों मुलींचें आईपण पत्करलें. केडगांवचें मुक्ती सदन त्यांतूनच वाढलें. साध्या माणसांस कळेल अशा मराठींत पवित्र शास्त्र यावें म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून भाषांतर आरंभिलें. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला, व संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

पालकहो, शेत मुलांच्या नांवें करून देतां येतें. विश्वास तसा देतां येत नाहीं. तो ज्याचा त्यानें खणून मिळवावा लागतो. म्हणून मुलानें शंका विचारली तर रागावूं नका. जें मूल खणूं लागलें तें प्रश्न विचारणारच. त्याच्याजवळ बसा, आणि तुमच्या घरावर पाऊस आला तेव्हां तुम्हांस कोणी सांवरलें, तें त्यास मोकळेपणानें सांगा.

आणि मित्रहो, तुम्ही दररोज थोडा वेळ एकांतांत बसून शुभवर्तमानाचा एक लहानसा भाग वाचा, प्रार्थना करा, आणि वाचलेल्यापैकीं एक तरी गोष्ट त्याच दिवशीं आचरणांत आणा. दाखल्यांतील दोन्ही माणसांनीं प्रभूचीं वचनें ऐकलीं होतीं. शहाण्यानें तीं पाळलीं. खडकापर्यंत पोंचण्याचा दुसरा मार्ग प्रभूनें सांगितलेला नाहीं.