मेगापिक्सेलच्या पलीकडे : कॅमेऱ्यातील संवेदकांची तुलना

इतिहासाच्या अभ्यासकासाठी छायाचित्र हा पुरावा असतो. वसतिगृहाच्या सभागृहात सायंकाळी काढलेल्या समूह-छायाचित्रात मागच्या रांगेतील मुलाचा चेहरा ओळखू आला नाही, तर त्याच्या उपस्थितीचा तेवढा पुरावा कायमचा हरवतो. म्हणून कॅमेरा घेताना केवळ मेगापिक्सेलचा आकडा पाहणाऱ्या पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आम्ही आधी संवेदक, म्हणजेच सेन्सर, पाहण्यास सांगतो.

संवेदक प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करतो. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची रचना मांडली. २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांना त्यासाठी वाटा मिळाला. सीसीडीत प्रत्येक बिंदूवरील विद्युतभार, माणसांच्या रांगेतून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे जाव्यात तसा, सरकत कडेला पोहोचतो आणि तेथे मोजला जातो. सीमॉस संवेदकात प्रत्येक बिंदूपाशीच प्रवर्धक असतो. त्यामुळे वीज कमी लागते व वाचन जलद होते. आज मोबाइलपासून मोठ्या कॅमेऱ्यांपर्यंत बहुधा हाच आढळतो. मात्र त्याच्या ओळी सहसा एकामागून एक वाचल्या जातात. म्हणून फिरत्या पंख्याची पाती कधी वाकडी दिसतात.

आता आकार पाहू. फुल फ्रेम संवेदक ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर असतो. एपीएस-सी सुमारे २३.५ × १५.६, म्हणजे जवळपास ३६७. ‘एक इंची’ म्हणवणारा १३.२ × ८.८, म्हणजे अवघा ११६. त्याची एकही बाजू इंचभर नसते! २४ मेगापिक्सेलमध्ये रुंदीला सुमारे ६,००० बिंदू येतात. फुल फ्रेमवर प्रत्येक बिंदू ६ मायक्रॉन रुंद होतो, तर एपीएस-सीवर चारहून किंचित कमी. भिंगाच्या छिद्राचा एफ-क्रमांक व शटरचा वेग समान ठेवल्यास मोठ्या संवेदकाच्या बिंदूला दुपटीहून अधिक प्रकाश मिळतो. प्रकाश अपुरा पडला की चित्रात खरखरीत ठिपके उमटतात आणि मागचा चेहरा त्यांत बुडतो.

मोठा संवेदक महाग असतो, त्याचा कॅमेराही जड असतो. भर उन्हात फरक थोडाच जाणवतो. म्हणून दोन कॅमेऱ्यांची तुलना मंद उजेडात, एकाच जागेवरून करावी आणि चित्रे समान आकारात छापून पाहावीत. आकडा कितीही मोठा असो, पुरावा तपासल्याशिवाय तो स्वीकारू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.