‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ : एक रसविचार

भयानक रसाचे विवेचन संपवून सरांनी नेहमीप्रमाणे विचारले, “कोणाला काही शंका?” मी उभी राहिले आणि विचारले की, संगणकावरचा खेळ खेळताना जी भीती वाटते तिला भयानक रस म्हणता येईल काय? वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “नाही म्हणता येणार. तिथं तू स्वतःच पळत असतेस. जो स्वतः पळतोय त्याला रस कुठला?” तास संपला, पण प्रश्न माझ्यापुरता संपला नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचाच पाठपुरावा आहे. गुरुजनांशी वाद घालण्याचा अधिकार तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीला किती, हे मी जाणते. तरीही लिहिते.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती देते. ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ हा ‘द इंडी स्टोन’ नावाच्या छोट्याशा मंडळीने रचलेला संगणकीय खेळ. २०११ साली त्याचे पहिले रूप लोकांपुढे आले. त्याच वर्षी रचनाकारांच्या घरी चोरी होऊन ज्यांत खेळाचे काम साठवलेले होते ते दोन संगणकच चोरीस गेले. (ज्यांच्या खेळात खिडक्यांना फळ्या ठोकण्याला एवढे महत्त्व, त्यांच्याच घरी हे घडावे!) पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘स्टीम’वर तो, अजून अपुरा आहे असे स्पष्ट सांगूनच, विक्रीस ठेवण्यात आला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे त्यात भर पडत गेली. मी खेळले ती एकेचाळिसावी आवृत्ती, डिसेंबर २०२१ मध्ये सिद्ध झालेली.

कथेचे स्थळ अमेरिकेतील केंटकी राज्य, काळ जुलै १९९३. मल्ड्रॉ, वेस्ट पॉइंट, लुईव्हिल ही गावे खरोखरीची आहेत. रोझवुडसारखी काही कल्पित. एका अज्ञात रोगाने माणसे मरतात आणि मेलेली पुन्हा उठून चालू लागतात. ती ज्याला चावतात तो दोन-तीन दिवस तापाने फणफणतो, मरतो आणि त्यांच्यात जाऊन मिळतो. औषध नाही. खेळणाऱ्याने एक पात्र घ्यायचे आणि त्याला जगवायचे, एवढेच. किती दिवस? त्याला उत्तर नाही. आरंभीच पडद्यावर सांगितले जाते की, ही तुमच्या मरणाची हकीकत आहे. या खेळात जिंकणे नाही. मरण कसे आणि केव्हा, एवढाच प्रश्न खुला असतो.

‘झोम्बी’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. आपल्याकडचे भूत म्हणजे देह गमावलेला जीव. झोम्बी याच्या नेमका उलट, जीव गमावलेला देह. वेताळ प्रेतात शिरतो खरा. पण तो बोलका, चतुर, गोष्टी सांगून राजाला कोड्यात टाकणारा. झोम्बीला वाचा नाही, वैर नाही, हेतूही नाही. मूळ कल्पना हैतीतली. उसाच्या मळ्यांत राबवल्या गेलेल्या गुलामांच्या त्या भूमीत सर्वांत मोठे भय कोणते, तर मेल्यावरही राबण्यातून सुटका नसणे. पुढे जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाने १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटात या राबणाऱ्याला माणूसखाऊ केले. शेतावरचे एकाकी घर, आत अडकलेली परस्परांशी भांडणारी माणसे आणि दारे-खिडक्यांवर ठोकल्या जाणाऱ्या फळ्या हे सारे तेथून आले. गंमत अशी की, त्या चित्रपटात ‘झोम्बी’ हा शब्द कोणी उच्चारतच नाही.

खेळांच्या बाजूने पाहिले तर १९९२ चा फ्रेंच ‘अलोन इन द डार्क’ आणि १९९६ चा जपानी ‘रेसिडेंट ईव्हिल’ हे याचे पूर्वज. पहिल्यात माळ्यावरच्या खिडकीतून काहीतरी आत येऊ नये म्हणून कपाट ढकलून खिडकी अडवावी लागते. दुसऱ्यात गोळ्या मोजक्याच, आणि खेळाची नोंद करायची तर टंकलेखन यंत्राची शाईची फीत लागते, तीही मोजकी. भय वाढवायचे असेल तर राक्षस मोठा करू नये, नायकाची झोळी लहान करावी, हे या मंडळींना उमगले होते. तथापि त्या दोन्ही वाड्यांतून अखेरीस बाहेर पडता येते. नॉक्स परगण्यातून बाहेर पडण्याचा मार्ग नाही.

आता भरताकडे वळू. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानकाचे विभाव सांगताना विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, ओसाड घर आणि अरण्य यांचा उल्लेख येतो. खेळातले एखादे गाव पाहून भरताने ही यादी केली असावी असा क्षणभर भास होतो. भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून होते, हेही त्याचेच मत; आणि झोम्बीकडे पाहिल्यावर ते पटवून द्यावे लागत नाही. पण मला अधिक मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पात्राच्या अवस्था दाखवणारी लहान चित्रे एकाखाली एक उमटत असतात. थकवा, धास्ती, दारूचा अंमल, आजार, कंटाळा, विषण्णता आणि शेवटी मृत्यू. श्रम, त्रास, मद, व्याधी, मरण! तेहतीस व्यभिचारी भावांपैकी निदान पाच तर मी सरळ ओळखले. शिवाय धास्ती वाढली की पात्राची नजर आखडते, नेम चुकतो. म्हणजे अनुभावही आलेच. सामग्री सगळी हजर आहे.

परंतु सामग्री हजर असली म्हणजे रस निष्पन्न होतो असे नाही, आणि सरांचा आक्षेप नेमका येथेच होता. अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण म्हणून शाकुंतलाच्या पहिल्या अंकातले हरिण घेतले आहे. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे आणि ते मान वळवून वळवून मागे पाहत धावते आहे. प्रेक्षकाला जे भय प्रतीत होते ते ‘मी भ्यालो’ असेही नाही आणि ‘ते भ्याले’ असेही नाही. आपपर, स्थळकाळ ही सारी बंधने गळून उरलेले ते निखळ भय. म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. उलट, स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेल्याला रसप्रतीती होत नाही. रसविघ्नांत हे एक विघ्न त्याने गणले आहे. खेळणारी मी तर स्वतःच हरिण झालेली. मागचे दार उघडे राहिले काय, या एका विचाराने विवश झालेली. मग मला रस कुठला?

पहिल्या आठवड्यापुरते सरांचे म्हणणे मी संपूर्ण मान्य करते. त्या दिवसांतली भीती निव्वळ भीती होती. पावलाचा आवाज झाला की ते वळतात. काच फोडली की येतात. बंदूक झाडली की आसपासचे सारेच येतात. माझे हात घामेजत आणि आई विचारी, “अगं, परीक्षा आहे का उद्या?”

माझ्या पात्राचे नाव मी सुमन ठेवले होते. व्यवसाय सुतारकाम. या खेळात गुण विकत घ्यावे लागतात आणि त्यांची किंमत दोष पत्करून चुकवावी लागते. सुमनला चपळपणा मिळावा म्हणून मी तिला कमी ऐकू येण्याचा दोष दिला. त्या वेळी तो फार स्वस्तातला सौदा वाटला. वेस्ट पॉइंटच्या कडेला, ओहायो नदीपासून जवळच, एका दुमजली घरात तिने बस्तान बसवले. दूरचित्रवाणीवर सुतारकामाचे, शिकारीचे कार्यक्रम लागत; ते पाहून पात्र खरोखरच शिकते. मग एकेक केंद्र बंद पडत गेले. पुढे वीज गेली. पाणीही गेले. पहिल्या महिनाभरात केव्हातरी ती दोन्ही जातात, हे खेळणाऱ्याला ठाऊक असते. दिवस ठाऊक नसतो.

यानंतर जे होते त्याची कल्पना बाहेरून पाहणाऱ्याला येत नाही. भय मागे सरते आणि संसार सुरू होतो. शीतकपाटातले आधी संपवायचे, डबाबंद मागे ठेवायचे. पावसाचे पाणी धरायला पिंपे करायची. ते उकळून घ्यायचे. खिडक्यांना चादरी लावायच्या, म्हणजे आतला उजेड बाहेर दिसत नाही. सुमनने मागच्या अंगणात कोबी लावला. नेहमीच्या मांडणीत खेळातला एक दिवस म्हणजे आपला एक तास. त्यातला झोपेचा भाग भरकन सरतो. कितीतरी संध्याकाळी मी केवळ कोबीला पाणी घालण्यात घालवल्या, आणि त्यात मला आनंद झाला, हे कबूल करायला हरकत नाही. झोम्बी कुंपणापलीकडे होतेच. ज्याच्या मरणाची खात्री आरंभीच दिली आहे त्याने कोबी लावावा, यात काही हास्यास्पद असेल तर ते मला त्या वेळी दिसले नाही.

अडतिसाव्या दिवशी शेजारच्या घरात खिळे शोधताना सुमनला मागून चावा बसला. न्हाणीघराचे दार तिने पाहिले नव्हते. आत जे होते त्याची चाहूल नीट ऐकू येणाऱ्याला लागली असती.

येथे माझ्या लेखाचा मुद्दा सुरू होतो. चावा बसला हे प्रकृतीच्या तक्त्यात स्पष्ट लिहून येते. आता तिच्या जगण्याला खेळाच्या दृष्टीने काहीच अर्थ उरत नाही. बहुतेक खेळाडू अशा वेळी खेळ बंद करतात. मी केला नाही. त्याच जगात नवे पात्र घेऊन पुढे खेळता येते हे मला ठाऊक होते. सुमन मरेल, पण तिचे घर राहील आणि कोणीतरी येईल. तेव्हा ताप चढत असताना तिने डबे फडताळात लावले. हातोडी, करवत, खिळे दाराजवळच्या पेटीत ठेवले. कोबीला पाणी घातले. खेळात कागदावर लिहिता येते. तिने लिहिले, ‘मागे बघत जा.’ मग पिवळा पावसाळी पोंचो चढवून ती घराबाहेर पडली. आत मेली असती तर घरातच उठली असती. दार लावून ती रस्त्याने जमेल तेवढी दूर गेली.

या दोन दिवसांत मी भ्याले नाही. भिण्यासारखे काही उरलेच नव्हते. ज्याला स्वतःचे सुखदुःख म्हणावे असा माझा कोणताही लाभ त्या फडताळात नव्हता. लाभ होता तो ज्याला अजून नावही नाही अशा कोणाचा. ‘माझे’ म्हणावे असे काही हातून निसटले होते. मग अभिनवगुप्ताचे ते विघ्न राहिले कोठे?

नवे पात्र दिनकर, लाकूडतोड्या. तो मल्ड्रॉला उतरला आणि हमरस्त्याने उत्तरेकडे चालत निघाला. वेस्ट पॉइंटच्या अलीकडे, झाडांच्या कडेला, पाच-सहा जणांच्या घोळक्यात मला पिवळा रंग दिसला. दिनकर तिला ओळखत नव्हता. तिला तर आता कोणीच ओळखीचे नव्हते. ओळखत होते ती मी, आणि मी त्या दोघांपैकी कोणीही नव्हते. तिला दिनकर दिसला. ती वळून त्याच्याकडे येऊ लागली, आणि त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

ती मीच रचलेली, मीच अडतीस दिवस जेवू घातलेली, माझ्याच चुकीने मेलेली. मारणाराही मीच. अशा जागी ‘स्वगत’ आणि ‘परगत’ हे शब्द मला लावता येत नाहीत. मी प्रयत्न करून पाहिला. तेथे जे प्रतीत झाले त्याला मी भयानक म्हणत नाही; त्याबाबत सरांचे बरोबर आहे. तो करुण होता, असे मला वाटते. आणि नाटकात जो बसल्या जागी मिळाला असता तो येथे हातून घडलेल्या गोष्टींमधून आला. चुकीच्या सौद्यातून, न उघडलेल्या दारातून, कुऱ्हाडीतून. सगळेच खेळ हे करतात असा माझा दावा नाही. बहुतेक करीत नाहीत. या खेळातही बहुतेक मरणे नुसती फजिती असतात. परंतु एका खेळात एकदा घडले तरी ‘घडू शकत नाही’ हे विधान मागे घ्यावे लागते.

हा लेख लिहिण्याआधी मी हे सर्व सरांना त्यांच्या खोलीत जाऊन सांगितले. त्यांनी मध्ये न बोलता ऐकले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “करुण आहे. पण तो तू सांगतेयस त्यात आहे. खेळात तो आहे हे अजून सिद्ध व्हायचंय. अनुभव घेतलास तेव्हा तू व्याकूळ होतीस. आता कथा झाली म्हणून रस झाला.” हा आक्षेप बळकट आहे आणि मला त्याचे पुरते उत्तर देता आलेले नाही. इतकेच म्हणेन की, कागदावर ‘मागे बघत जा’ लिहिताना मी व्याकूळ नव्हते, शांत होते.

मी उठून दारापर्यंत गेले तेव्हा सरांनी हाक मारली.

“आणि त्या कोबीचं काय झालं?”

“सडला होता, सर. काढायला कोणी नव्हतं.”