घाटाची परीक्षा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार हे वैभवाचे लक्षण मानले जाई. चकचकीत रंग, मऊ गाद्या आणि पितळी दिवे पाहून लोक थक्क होत. परंतु उत्तम मोटारीचे खरे मोल डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांत होते. ते भाग घडवताना कोणते निर्णय घेतले गेले, याची माहिती या पाठात दिली आहे.

पाठ

हेन्री रॉइस यांचा जन्म १८६३ साली इंग्लंडमध्ये झाला. लहानपणीच वडील वारल्यामुळे त्यांनी वर्तमानपत्रे विकली, तारा पोहोचवल्या. शालेय शिक्षण जेमतेम वर्षभराचे. रेल्वे कारखान्यातील उमेदवारीही पैशाअभावी अर्धवट सुटली. पुढे नोकरी करीत असताना सायंकालीन वर्गांत त्यांनी अभ्यास केला. १९०४ साली त्यांनी पहिली मोटार तयार केली आणि त्याच वर्षी त्यांची चार्ल्स रोल्स यांच्याशी गाठ पडली. त्यातून ‘रोल्स-रॉइस’ ही कंपनी उभी राहिली.

सहा सिलिंडरांचे इंजिन चार सिलिंडरांच्या इंजिनापेक्षा संथ व एकसारखे चालते. मात्र त्यात एक अडचण होती. दट्ट्यांच्या वर-खाली हालचालीचे चक्राकार गतीत रूपांतर करणारा क्रँकशाफ्ट सहा सिलिंडरांसाठी लांब करावा लागे. लांब दांडा पिळवटतो, थरथरतो आणि प्रसंगी तुटतो. रॉइस यांनी तो दांडा जाड केला, त्याला सात ठिकाणी आधार दिला आणि तेल दाबाने आतपर्यंत पोहोचवले. सिलिंडर तीन-तीनच्या दोन संचांत ओतले. वजन आणि खर्च वाढला. पण थरथर कमी झाली. १९०७ साली ‘सिल्व्हर घोस्ट’ या मोटारीने सुमारे १५,००० मैलांची चाचणी पार पाडली.

बेंगळूरमधील बसवनगुडी ही वसाहत १८९८ च्या प्लेगनंतर रुंद, आखीव रस्ते ठेवून वसवण्यात आली. अशा रस्त्यावर साधारण मोटारही डौलाने धावू शकते. सह्याद्रीच्या घाटात तसे नाही. तेथे इंजिन तापते, पाणी उकळते आणि उतारावर ब्रेकची कसोटी लागते. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मोटार स्पर्धेत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाची रोल्स-रॉइस उतरली. तिने सहा घाटांसह सुमारे ६२० मैल पार करून पारितोषिक मिळवले. पुढे ही मोटार ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली.

यानंतर एक निर्णय अंगाशी आला. आरंभी या मोटारींना चार गिअर असत. १९०९ पासून तीनच ठेवण्यात आले. गिअर कमी म्हणजे चालकाचे कष्ट कमी, असा त्यामागील हिशेब होता. सपाट रस्त्यावर तो बरोबर ठरला. परंतु १९१२ साली आल्प्स पर्वतातील काट्शबर्ग घाटात या जातीची एक मोटार चढावर अडली. खालच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे फेरे अधिक होतात. वेग घटतो, पण ओढण्याचे बळ वाढते. त्या मोटारीचा पहिला गिअर पुरेसा खालचा नव्हता. कंपनीने हा दोष मान्य केला. पुढील वर्षी चार गिअरच्या मोटारी त्याच स्पर्धेत उतरल्या आणि त्यांनी तो चढ लीलया पार केला.

यंत्र घडवताना प्रत्येक सोयीची काही किंमत मोजावी लागते. ती किंमत सपाट वाटेवर कळत नाही, घाटात कळते.

पाठगत प्रश्न

१. लांब क्रँकशाफ्टमुळे कोणती अडचण निर्माण होत असे? रॉइस यांनी ती कशी दूर केली?
२. खालच्या गिअरमध्ये चढ चढणे सोपे का जाते?
३. तुमच्या कामात वापरात असलेल्या एका साधनाचे निरीक्षण करा. त्यातील कोणती सोय कोणत्या गैरसोयीच्या मोबदल्यात मिळाली आहे, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.