ओल टाळावी, लाज सोडावी

अमरावती

चि. भाचीस,

योनीमार्गातला बुरशीसंसर्ग बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीमुळे होतो. अनेक निरोगी स्त्रियांच्या शरीरातही ती थोडीफार असतेच. योनीतले लॅक्टोबॅसिलस जिवाणू तिला आवरून धरतात. हा तोल ढळला की खाज सुटते, लघवीच्या वेळी आग होते आणि फाटलेल्या दुधासारखे घट्ट पांढरे जाते. चारपैकी सुमारे तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्याचा चारित्र्याशी काही संबंध नाही.

उष्णता आणि ओल बुरशीला मानवतात. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. निंदणात असो की कॉलेजात, घट्ट जीन्स किंवा नायलॉनची निकर घामाने दिवसभर ओली राहते. कपाशीच्या या मुलखात सुती, सैल निकर वापरणेच शहाणपणाचे. घामेजलेली निकर घरी येताच बदलावी. लाजेपोटी अंतर्वस्त्रे साडीखाली किंवा कोपऱ्यात वाळवण्याची रीत सोडून ती उन्हात कडक वाळवावीत. पावसाळ्यात दमट कपडा अंगावर चढवू नये. पाळीत पॅड किंवा कापड साधारण दर चार ते सहा तासांनी बदलावे.

योनीचा आतला भाग स्वतःच स्वच्छ राहतो. बाहेरून साधे पाणी पुरते. आत साबण, जंतुनाशक किंवा सुगंधी द्रव घातल्यास रक्षण करणारे जिवाणूच कमी होतात. धुताना हात पुढून मागे न्यावा आणि जागा टिपून कोरडी करावी. दही खावे, आत लावू नये.

अँटिबायोटिक गोळ्यांनी उपयुक्त जिवाणूही मरतात, म्हणून त्या मनाने घेऊ नयेत. मधुमेहात साखर आटोक्यात ठेवावी. संसर्ग वारंवार होत असल्यास साखर तपासावी.

थोडे पांढरे जाणे स्वाभाविक असते. मात्र खाज, दुर्गंधी, हिरवट-पिवळा स्राव, ओटीपोटात दुखणे किंवा ताप असल्यास, तसेच गरोदरपणी, दुकानातून परस्पर मलम आणू नये. दुर्गंधीचे कारण बहुधा वेगळे असते आणि औषधही वेगळे. अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग म्हणून ओळखली जाणारी जिल्हा स्त्री रुग्णालये यासाठीच आहेत. दुखणे अंगावर काढू नये. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

— मावशी