दद्रुनिदान : खरवड पाहा, मग औषध द्या

सांगवीहून चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या, घामाने भिजलेल्या कपड्यांत दिवस काढणाऱ्या कामगारांत जांघेतील दद्रु नित्य आढळतो. चरकाचार्यांनी तो क्षुद्रकुष्ठांत, तर सुश्रुताचार्यांनी महाकुष्ठांत गणिला आहे.

मंडलाच्या कडेची खरवड १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. नखाच्या खरवडीस अधिक वेळ द्यावा. केस मुळासह उपटून घ्यावा व बीजाणू त्याच्या आत आहेत की बाहेर, हे पाहावे. आडपडदे असलेले शाखायुक्त तंतू दद्रुकारक बुरशी दर्शवितात. आखूड तंतू व गोल बीजाणूंचे पुंजके मॅलॅसेझिया. अंकुरित पेशी व आभासी तंतू कँडिडा.

२०२० मध्ये वर्णिलेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही जाती अनेकदा टर्बिनाफिनला दाद देत नाही. तिची निश्चिती जनुकीय तपासणीनेच होते. स्टेरॉइडमिश्रित मलमाने मंडलाची कड पुसट होऊन निदान चुकते. म्हणून औषधविक्रेत्या बंधूंनी असे मलम चिठ्ठीविना देऊ नये.