कढईतील आग

दिवाळी दोन दिवसांवर आली होती. सोऱ्यात भाजणी भरलेली होती आणि गॅसच्या शेगडीवर कढईभर तेल तापत होते. इतक्यात शेजारीणबाईंनी दारातून हाक मारली. "आलेच हं!" असे म्हणून आई बाहेर गेली. बोलण्याच्या भरात त्या 'आलेच'ची दहा मिनिटे झाली.

तेल कोणासाठी थांबत नाही. प्रथम त्यावर निळसर धूर तरंगू लागला. धूर म्हणजे तेलाने दिलेली धोक्याची सूचनाच होय. त्याच क्षणी शेगडी बंद केली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. पण पाहणारे कोणी नव्हते. उष्णतामान ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की खालची ज्योत न लागताही तेल आपोआप पेट घेते. तसेच झाले.

धाकटा मुलगा धावत आला. कढईतून ज्वाळा उठलेली पाहताच त्याने पाण्याची कळशी उचलली. त्याचे काही चुकले असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते. लाकूड, कागद, गवत पेटले तर पाणीच ओततात. परंतु जळत्या तेलात पाणी ओतण्यासारखा दुसरा घात नाही. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते खाली जाऊ लागते. १०० अंशांना उकळणारे पाणी तिपटीहून अधिक तप्त तेलात सापडले म्हणजे त्याची क्षणार्धात वाफ होते, आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा व्यापते. एवढी जागा बिचाऱ्या कढईत कोठून असणार? वाफ जळते तेल थेंबाथेंबांनी वर उधळते, प्रत्येक थेंबाला चोहोकडून हवा मिळते आणि आग छताला भिडते. त्यासाठी कळशी लागत नाही, पेलाभर पाणीही पुरते.

थोरल्या बहिणीने हे शाळेत ऐकले होते. तिने भावाचा हात धरून त्याला मागे ओढले व "आई, कढई पेटली!" अशी मोठ्याने हाक मारली.

आईने कढईपेक्षा मोठी रिकामी परात घेतली, ती ढालीसारखी पुढे धरली आणि कडेने सरकवीत कढईवर ठेवली. मग शेगडी बंद केली. हवा तुटताच ज्वाळा निमाली. शेजारीणबाई मूठभर पीठ टाकावयास निघाल्या होत्या. आईने त्यांना थांबविले, कारण पीठ स्वतःच भडकते. कढई तिने जागची हलविली नाही. पेटते तेल उचलून नेताना हिंदकळून अंगावर येते. ज्वाळा कढईबाहेर पसरल्या असत्या, तर मात्र सर्वांना घेऊन बाहेर पडणे, स्वयंपाकघराचे दार ओढून घेणे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळविणे एवढेच करावयाचे होते.

"विझली का ते पाहू?" असे धाकट्याने दोनदा विचारले. आईने परातीला हात लावू दिला नाही. तेल तप्त असताना झाकण उचलले, तर हवा शिरून ते पुन्हा पेटते. तासाभराने कढई हाताला गार लागली, तेव्हा परात उचलली. तेल काळे ठिक्कर पडले होते. त्या दिवशी चकल्या झाल्या नाहीत.