मडक्याला वय कसं विचारायचं?

आपल्यापैकी बऱ्याच जणांची तापी सूरतमध्ये सुरू होत नाही. ती नंदुरबारची, शहाद्याची, शिरपूरची असते आणि इथे येऊन समुद्राला मिळते. याच नदीवर, गोमाईच्या संगमाला, प्रकाशा आहे. लोक तिथे दक्षिण काशी म्हणून जातात. पण १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर तिथे गेले ते गावाच्या पांढरीसाठी. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड. ते खणत गेल्यावर लोखंड वापरणाऱ्यांच्या थरांखाली रंगवलेली खापरं मिळाली, तांबं आणि दगड एकत्र वापरणाऱ्या लोकांची. महाराष्ट्रात शेती आणि मडकी घेऊन येणारे पहिले लोक हेच, ताम्रपाषाणयुगातले.

आता या खापरांचं वय सांगायचं कसं? ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ असं स्पष्ट सांगितलंय. मडक्यावर असलं काही नसतं. तेव्हा भारतात रेडिओकार्बनची प्रयोगशाळाही नव्हती. त्यामुळे खापरं इतर ठिकाणच्या खापरांशी ताडून पाहायची, हाच मार्ग होता.

पद्धत थोडक्यात अशी. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी प्रकार अत्यंत कमी प्रमाणात असतो, साधारण एक लाख कोटी अणूंत एक. झाड तो हवेतून घेतं, गाय झाडातून, आपण दोघांतून. जीव मेला की नवीन पुरवठा थांबतो आणि आतला कार्बन-१४ झिजायला लागतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. ३,२०० वर्षांपूर्वी तोडलेल्या लाकडात आज मूळच्या सुमारे ६८ टक्के शिल्लक असणार. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये हे मोजून दाखवलं आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण वर्तमानपत्रं ती हमखास गाळतात. 'मडक्याचं कार्बन डेटिंग केलं' असं आपण वाचतो, पण माती कधी जिवंत नव्हती. तिला मरणाची तारीख नाही. बहुतेक वेळा वय काढलं जातं ते मडक्याशेजारी सापडलेल्या कोळशाचं. मग प्रश्न येतो, तो कोळसा आणि ते मडकं खरंच सोबतचे का? उंदरानं बीळ केलं, नंतर कुणी खड्डा खणला, तर वरचा कोळसा खाली जातो. घराची तुळई दोनशे वर्षांच्या झाडाच्या गाभ्यातली असेल तर तिचा कोळसा त्या घरातल्या मडक्याहून बराच म्हातारा निघतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचं वाटायला हरकत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, पण त्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही. आपण वाचतो ते हस्तलिखितांवरून. हस्तलिखिताच्या कागदाचं वय काढलं तर कागदाचं वय कळेल, काव्याचं नाही. कोळसा आणि मडकं यांचंही तसंच आहे.

उलट, जिथे वस्तूच वनस्पतीची असते तिथे प्रश्न सरळ असतो. ट्यूरिनचं कफन तागाचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं, आणि जवस वर्षभरात कापलं जातं. १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना या तीन प्रयोगशाळांनी त्याचा काळ इ.स. १२६० ते १३९० असा काढला. तो आकडा ट्यूरिनचे कार्डिनल बॅलेस्ट्रेरो यांनी स्वतः जाहीर केला. त्यावर वाद अजून होतात, पण चर्चनं नमुना दिला आणि उत्तर लपवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे ही पद्धत रुजली ती साठच्या दशकात, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेलं. त्याआधी नेवाशाचा कोळसा थेट अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाला पाठवावा लागला होता.

सगळ्यात भरपूर माहिती मिळाली ती पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजचं उत्खनन १९६८ ते १९८३ चाललं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी माणसं. तिथली जोर्वे खापरं म्हणजे नारिंगी-लाल अंग, त्यावर काळ्या रेघांची नक्षी, तोटीची भांडी, खणखणीत भाजलेली. आणि घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी, आत बाळ. ज्या काळाला आपण 'थर' म्हणतो त्यात कुणाचं तरी लेकरू आहे, हे वाचताना विसरता येत नाही.

इनामगावची कालरेषा पुस्तकांत अशी असते: माळवा इ.स.पू. १६०० ते १४००, पूर्व जोर्वे १४०० ते १०००, उत्तर जोर्वे १००० ते ७००. उत्तर जोर्वेत चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात, खापरं ओबडधोबड होतात, शिकार वाढते. ढवळीकरांच्या मते पाऊस कमी झाला आणि शेतकरी अर्धे भटके झाले. पण हे 'का' पूर्णपणे 'कधी'वर उभं आहे. दुष्काळ आणि उतरती कळा एकाच वेळची नसतील तर गोष्टच बदलते.

इथे कॅलिब्रेशन येतं. हवेतला कार्बन-१४ प्रत्येक शतकात सारखा नव्हता, म्हणून झाडांच्या वार्षिक वलयांवरून कच्चा आकडा दुरुस्त करतात. मोजणी १९५० पासून मागे होते. कच्चं ३,००० म्हणजे इ.स.पू. १०५० वाटतं, दुरुस्तीनंतर ते सुमारे इ.स.पू. १२०० च्या आसपास जातं. जुन्या आणि नव्या पुस्तकांतले आकडे जुळत नाहीत ते बऱ्याचदा यामुळे. त्यातून इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात दुरुस्तीची रेषा जवळजवळ सपाट आहे, म्हणजे चारशे वर्षांतले नमुने साधारण एकच वय सांगतात. नेमका याच पट्ट्यात जोर्वेचा शेवट आणि लोखंडवाल्यांचा जम येतो! ते लोक संपले, निघून गेले, की नव्यांत मिसळले, हे नुसत्या कोळशावरून सांगणं म्हणूनच अवघड.

मडक्याचं स्वतःचं वय काढायची वाट २०२० मध्ये खुली झाली. ब्रिस्टल विद्यापीठाच्या रिचर्ड एव्हरशेड आणि सहकाऱ्यांनी खापराच्या भिंतीत मुरलेली चरबी वेगळी काढली, त्यातली फक्त दोन मेदाम्लं घेतली आणि त्यांचा कार्बन मोजला. लंडनच्या शोरडिच भागातली नवाश्मयुगीन खापरं अशा रीतीनं सुमारे साडेपाच हजार वर्षांची ठरली. दूध किंवा मटण शिजलं तो दिवस आणि मडकं वापरात होतं तो दिवस एकच. शेजारच्या कोळशावर भरवसा ठेवायची गरज नाही.

आपल्या उष्ण, दर पावसाळ्यात भिजणाऱ्या मातीत चरबी कमी टिकते, हा अडथळा आहे. पण इनामगावात जळून काळे झालेले जवाचे दाणे मिळाले आहेत. जव एका हंगामाचा असतो, तुळईसारखा दोनशे वर्षांचा नाही, आणि आजच्या यंत्रांना एकच दाणा पुरतो. ज्या थरात बाळाची मडकी, त्याच थरातला जवाचा दाणा मिळाला तर निदान त्या वर्षीचं पीक कधीचं, हे विचारता येतं.